वीस टक्के कोण?

मुलांवर लक्ष कसं ठेवावं हे ज्याला शिकायचं असेल, त्याने सरळ आमच्या ग्राविकला यावं आणि मला भेटावं. मी तरणतलावावर असतो. तलावाचा रखवालदार म्हणून माझ्या काचेच्या खोलीतून मला सगळं गाव दिसतं, तेही जवळजवळ कपड्यांशिवाय. अंघोळ न करता पाण्यात कोण उतरतंय, कोणाचं पोट सुटलंय, कोणाचं पोर कोणाच्या पोरीशेजारी गरम कुंडात जरा जास्तच वेळ बसलंय, हे त्यांच्या आयांच्या आधी मला कळतं. त्यात मी शाळेच्या पालक संघाचा अध्यक्ष. माझ्या कारकिर्दीत या गावातलं एकही पोर बिघडलेलं नाही. म्हणजे, या एप्रिलपर्यंत बिघडलेलं नव्हतं.

आमच्याकडे आइसलँडभर शाळांमधून दरवर्षी फेब्रुवारीत मुलांची पाहणी होते. किती वाजता झोपता, भाज्या खाता का, दात कितीदा घासता, आईबापांशी बोलता का, सिगारेट ओढली का आणि गेल्या महिन्यात दारू प्यायलात का. नाव लिहायचं नसतं, नुसत्या खुणा करायच्या. मग एप्रिलमध्ये गावागावाचे आकडे येतात. दारूच्या रकान्यात आमचं वर्षानुवर्षं शून्य. हे शून्य मी खाडीपलीकडच्या गावाला फुटबॉलच्या सामन्यात, लग्नात आणि एकदा तर मयताच्या जेवणातसुद्धा ऐकवलेलं आहे.

या एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका ओड्नीचा फोन आला.

"कोल्बेन, बसलायस ना?"

"माझं कामच बसायचं आहे. बोल!"

"आकडे आले. भाज्या खाणारी मुलं वाढलीत."

"वा!"

"दात घासणारीसुद्धा."

"वा, वा!"

"आणि दहावीत दारू वीस टक्के."

आता वीस टक्के म्हटलं की मोठ्या शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गर्दी उभी राहते. आमच्या दहावीत मुलं पाच! पाचांचे वीस टक्के काढायला मुख्याध्यापिका लागत नाही. एक पोर. एक अख्खं पोर, दोन पायांचं, आमच्यापैकी कुणाच्या तरी घरात रोज जेवणारं!

जिल्ह्याच्या साप्ताहिकाने पोरांची संख्या छापली नाही, फक्त टक्के छापले. खाडीपलीकडचं गाव: शून्य. ग्राविक: वीस. म्हणजे जिल्ह्यातलं सगळ्यात बेवडं गाव आम्ही. दुसऱ्या दिवशी पलीकडून मासे घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने माझ्यासमोर गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाला, "काय कोल्बेन, तलावात पाणीच आहे ना?"

संध्याकाळी शाळेत सभा बोलावली. पाच मुलांची चार घरं. जुळ्यांचे आईबाप स्टुर्ला आणि लोआ. स्टुर्ला मासेमारीच्या बोटीचा कप्तान आहे. आमची पाद्रीण वाल्गेर्दुर, तिचा येन्स. बंदरावर हॉटडॉगची टपरी चालवणारा ह्याल्ती, त्याची ब्रिन्या. आणि आमची ड्रिफा. माझी बायको हेर्दिस दवाखान्यात कामावर होती, म्हणून आमच्या घरातर्फे मी एकटा.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! पहिली दहा मिनिटं जो तो बाकीच्यांकडे दयेने बघत होता.

"माझे आरी आणि ओर्री जन्मल्यापासून सगळं जोडीने करतात," स्टुर्ला म्हणाला. "एक प्यायला असता तर दुसराही प्यायला असता. मग आकडा चाळीस आला असता. म्हणजे आमचे नाहीत. हे तर गणितच झालं!"

"ब्रिन्या हॉटडॉगवर कच्चा कांदासुद्धा घेत नाही, जीभ चुरचुरते म्हणून," ह्याल्ती म्हणाला. "ती काय दारू पिणार?"

"येन्स लपवाछपवी करणारा मुलगा नाही," पाद्रीण शांतपणे म्हणाली.

"आणि ड्रिफाचं तर नावच काढू नका," मी म्हणालो. "दिवसा मी तिला तलावावर बघतो, संध्याकाळी घरी बघतो. मध्ये जो रस्ता लागतो तो माझ्या खिडकीतून दिसतो!"

मग मी माझा ठराव मांडला. ज्याने दारू घेतली त्याने महिन्याभरात आपण होऊन कबूल करावं. नाहीतर दहावीची डेन्मार्कची सहल रद्द! पिणारं मूल कुणाचंच नसल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

ही सहल म्हणजे काय हे सांगायला हवं. दोन वर्षं ही पाच पोरं दारोदार फिरून संडासाचा कागद आणि सुके मासे विकत होती. आमच्याकडे सहलीचे पैसे असेच उभे करतात. गावातल्या प्रत्येक घरात आता नातवंडांना पुरेल एवढा कागद आहे. सहाव्या वर्षापासून ही पाचजण एकाच वर्गात, एकाच बाकाच्या रांगेत. आणि ऑगस्टमध्ये पाचही पांगणार, कारण अकरावीपासून पुढची शाळा गावात नाही. कोणी उत्तरेला जाणार, कोणी राजधानीत. त्यामुळे सहल गेली असती तर ती कायमचीच गेली असती.

घरी ड्रिफाने सूप ढवळता ढवळता विचारलं, "एकाने काहीतरी केलं म्हणून पाचजणांची सहल बंद?"

"त्या एकाने सांगून टाकावं. सोपं आहे."

"मग नाव लिहायला का नाही सांगितलं?"

"ड्रिफा, मोठ्यांशी वाद घालू नये," मी म्हणालो. उत्तर नसलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवसापासून गस्त सुरू झाली. पिवळी जाकिटं घालून पालकांनी गावात फिरायचं ही आमच्या देशातली जुनी रीत. एरवी ती शुक्रवारी असते आणि अर्धे पालक 'पाठ दुखते' म्हणून येत नाहीत. आता रोज! चार घरांचे पालक होतेच, शिवाय काका, मावशा आणि पोस्टातली एक निवृत्त बाई. पाच पोरांच्या मागे आम्ही नऊजण. पोरं बंदरावर गेली की आम्ही बंदरावर. पोरं भिंतीवर बसली की आम्ही समोर उभे. आमच्याकडे या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उजेड, त्यामुळे लपायची सोय कुणालाच नव्हती. एकदा ओर्री मागे वळून म्हणाला, "आम्ही आता डावीकडे वळणार आहोत. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल," ह्याल्ती म्हणाला. "पण जरा सावकाश चला. तुझ्या बाबाचा गुडघा दुखतोय."

या गस्तीत गुन्हेगार काही सापडला नाही. पण घराघरांत झडत्या सुरू झाल्या. लोआने जुळ्यांच्या गाद्या उलट्या केल्या. पाद्रिणीने येन्सची गिटार हलवून बघितली. मी ड्रिफाच्या खोलीत जाऊन सगळ्या बाटल्यांचा वास घेतला आणि तिच्या केसांच्या कसल्याशा द्रव्याने दोन दिवस शिंकत होतो. पोरं आमच्याशी बोलेनाशी झाली. जेवताना ताटाकडे बघून जेवायची. मला वाटलं, घाबरलीत. लक्षण चांगलं आहे!

मे महिना लागला, आणि एका संध्याकाळी पोरं गस्तीच्या हातून निसटली. पाचही! बंदरावर नाहीत, टपरीवर नाहीत, तलावावर नाहीत. गावाचा एकच रस्ता, त्यावरून आम्ही शोधत निघालो. पाद्रिणीच्या मेंढ्यांच्या गोठ्यापाशी आतून हसण्याचा आवाज आला. सभेनंतर ही पोरं हसलेली आम्ही ऐकली नव्हती. म्हणजे नक्की प्यायलेली!

गोठ्याची खिडकी उंच आणि मळकी. ह्याल्ती सगळ्यांत उंच, म्हणून तो माझ्या खांद्यावर हात टेकून चवड्यांवर उभा राहिला.

"काय दिसतंय?" मी कुजबुजलो.

"बाटली!"

"कुणाच्या हातात?"

"सगळ्यांच्या! प्रत्येकाला एकेक!"

"अरे देवा," स्टुर्ला म्हणाला. "शंभर टक्के!"

"आता ब्रिन्याने बाटली तिरकी केली... ओतते आहे... अरे, आणि म्हणते काय, तर 'पी, पी, अजून थोडी पी'!"

एवढं ऐकल्यावर कुठला बाप थांबेल? मी दाराला खांदा दिला. दाराला कडी नव्हतीच, त्यामुळे मी दारासकट आत गेलो. माझ्यामागे आठ पिवळी जाकिटं!

मे महिना म्हणजे मेंढ्या विण्याचा महिना, ही गोष्ट या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. ज्या कोकरांना आईचं दूध पुरत नाही त्यांना बाटलीने पाजावं लागतं, हेही माहीत असतं. पालक संघाच्या अध्यक्षाला नेमकं तेवढंच आठवलं नाही! पाच पोरं मांडीवर पाच कोकरं घेऊन गवतावर बसली होती आणि विणीला आलेल्या चाळीसेक मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या.

मग त्या उठल्या. एकदम उठल्या! मेंढीला जायला दार एकच आणि त्या दारात आम्ही नऊजण. स्टुर्लाने वादळात बोट बंदराला लावलेली आहे, पण तो पहिल्या मेंढीलाच आडवा झाला, आणि ज्यात झाला ते सांगत नाही. एका शिंगाळीने माझं जाकीट शिंगात अडकवलं, ओढून काढलं आणि तसंच घेऊन भर रस्त्यातून गावात पळाली. पोस्टातल्या निवृत्त बाईचा चष्मा त्या धुमश्चक्रीत पडला होता. ती लांब पळणाऱ्या पिवळ्या जाकिटाकडे बघून ओरडली, "कोल्बेन, अरे धावू नकोस एवढा! हृदयाचा विचार कर!"

मेंढ्या गोळा करेपर्यंत गावाची रात्रीच्या जेवणाची वेळ झाली. त्यातली एक चर्चच्या पायऱ्यांवर व्याली. तिच्यापाशी बसून येन्सने आणि आमच्या ड्रिफाने दोन्ही कोकरं नीट बाहेर काढली, पुसली, आईला चाटायला दिली. आम्ही मोठी माणसं अंगणात उभी होतो, शेणाने माखलेली. पोरांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं. खरं सांगतो, त्या वेळी मला लाज वाटली. पण ठराव हा ठराव!

मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. शनिवारी दुपारी ड्रिफा म्हणाली, "बाबा, आइसक्रीम खायला जाऊया?"

आमच्याकडे आइसक्रीम गाडीत बसून, कुठेतरी तोंड करून खातात. गाडी धक्क्याच्या टोकाशी लावली. तिने ज्येष्ठमधाच्या काळ्या पाकात बुडवलेलं घेतलं, मी साधं. अर्धं खाऊन झाल्यावर ती समुद्राकडे बघत म्हणाली, "बाबा, ते वीस टक्के मी आहे."

माझं आइसक्रीम मांडीवर पडलं. ते तिथेच वितळत राहिलं आणि मला थंड लागलंसुद्धा नाही.

"कधी? कुठे? किती?"

"एकदाच. थोडीशी. घाणेरडी लागली."

"आणि तू मला..."

"तुला सांगितलं ना आता! पण आईला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. वचन दे."

काय करणार? सोळा वर्षांची पोर आपण होऊन बापाला मनातलं सांगते, असं किती बापांच्या वाट्याला येतं? मी वचन दिलं. रागवायचं होतं ते राहूनच गेलं. उलट तिचा हात हातात घेतला आणि तो चिकट होता हेही मला गोड वाटलं. घरी जाताना मात्र पाचावर धारण बसली. गावभर ज्या पोरीचं शून्य मिरवलं तीच वीस! आणि ठराव कुणाचा? माझा! कबुली जाहीर केली तर पोरीचं नाव आणि माझं अध्यक्षपद दोन्ही गेलं. न केली तर पाच पोरांची सहल गेली.

हेर्दिसने विचारलं, "पँटला काय झालं?"

"काही नाही. आइसक्रीम."

"आणि चेहऱ्याला?"

"तेही आइसक्रीमच!"

शेवटच्या सभेला मी दोन रात्रींचं जागरण घेऊन गेलो. मनात भाषण तयार होतं. उभा राहिलो, घसा साफ केला. "मित्रहो, मी विचार केला. टक्के म्हणजे काय? शेवटी एक आकडा! पोरं आहेत, चुकतात. एखाद्याने एखादा घोट घेतला असेलही, तर त्या बिचाऱ्या... किंवा बिचारीच्या मनाला आता किती लागलं असेल! आपण हे प्रकरण इथेच मिटवावं आणि पोरांना डेन्मार्कला जाऊ द्यावं."

मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसलो.

"अगदी माझ्या मनातलं बोललास!" ह्याल्ती ओरडला.

"क्षमा ही मोठी गोष्ट आहे," पाद्रीण म्हणाली. तिचे डोळे जरा ओले वाटले.

"मी तर पहिल्यापासून म्हणतोय," स्टुर्ला म्हणाला. तो पहिल्यापासून असं काहीही म्हणत नव्हता.

"पोरांना जाऊ दे," लोआ नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "कोण होतं ते शोधायलाच नको. कधीच नको!"

ठराव एकमताने रद्द झाला. मला गहिवरून आलं. असे उदार शेजारी, आणि मी त्यांच्या पोरांवर संशय घेतला! मी प्रत्येकाला मिठी मारली. प्रत्येकाने मला जरा जास्तच घट्ट मिठी मारली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी घरी आलो.

जूनमध्ये ओड्नीबरोबर पोरं डेन्मार्कला गेली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तलाव बंद करून आम्ही सगळे आईबाप गरम कुंडात उतरलो. पाणी ऊन, हवा गार, पोरांची काळजी नाही. अशा वेळी माणसाचं तोंड सैल सुटतं. ह्याल्तीचं सुटलं.

"कोल्बेन, तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही," तो म्हणाला. "तू माझ्या ब्रिन्याला वाचवलंस."

"ब्रिन्याला? कशातून?"

"आता काय लपवायचं? वीस टक्के तीच होती. मला टपरीत येऊन सांगितलं बिचारीने. रडली."

मी पाण्यात ताठ झालो. "ब्रिन्या कशी असेल? ड्रिफा आहे!"

"येन्स आहे," पाद्रीण म्हणाली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. "अरेरे. हे मी सांगायला नको होतं. धंद्याला धरून नाही."

"थांबा, थांबा," स्टुर्ला म्हणाला. "आरी आहे! त्याने मला बोटीवर सांगितलं. लोआ, तुला मी बोललो नाही, कारण त्याने शपथ घातली होती."

लोआ कुंडातून अर्धी उभी राहिली. "आरी? मला तर ओर्रीने सांगितलंय! मी महिनाभर तुझ्यापासून लपवून ठेवलंय! रात्री झोप नाही मला!"

"मलाही नाही! मला वाटलं तू घोरत नाहीस ते माझ्यावर रागावून!"

मग ह्याल्तीने बोटांवर हिशोब केला. "एक, दोन, तीन, चार, पाच. म्हणजे वीस टक्क्यांवरून आपण तपास करत करत शंभरवर पोचलो!"

"हे साप्ताहिकाला कळता कामा नये," मी म्हणालो.

तेवढा वेळ हेर्दिस मान मागे टाकून आकाशाकडे बघत होती. "तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"ड्रिफाने तुला काय सांगितलं ते मला कुठे माहीत होतं? पण पाच बाप आणि आया एकाच आठवड्यात एकदम मवाळ होतात, तेव्हा दवाखान्यात आम्ही त्याला साथ म्हणतो."

मी ओल्या हातानेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा कुंडाच्या कडेवर ठेवला. तिकडे संगीत, गोंगाट, हसणं.

"ड्रिफा! आम्हाला सगळं कळलंय. पाचही जणांनी कबूल केलंत!"

"अरे वा," ती म्हणाली. "बरेच दिवस लागले की!"

"चेष्टा करू नकोस. खरं सांग. पाचांपैकी खरं कोण होतं?"

पलीकडे क्षणभर गोंगाट थांबला. बाकीचे चौघेही ऐकत असावेत.

"बाबा," ती म्हणाली, रागाने नाही, लहान मुलाला समजवावं तशी. "आम्हीही एकमेकांना विचारलं नाही. नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं ना? तुम्ही ते मोडलंत. आम्ही नाही मोडलं."

कुंडात पाचजणांनी पाच दिशांना बघितलं. पाद्रीण तर पाण्याखालीच गेली.

"बरं, ते जाऊ दे," मी म्हणालो. "तिकडे तरी नीट वागताय ना?"

"फेब्रुवारीत पाहणी होईलच की, बाबा. टक्क्यांत कळेल!" आणि पाच जणांच्या हसण्यात फोन बंद झाला.

हसले सगळेच. मीही हसलो. पण हसताना लक्षात आलं की फेब्रुवारीत ती इथे असणार नाही. ती उत्तरेकडच्या मोठ्या शाळेत असेल, आणि त्या शाळेत मुलं आहेत आठशे. मी भिजलेल्या बोटाने कुंडाच्या कडेवर भागाकार केला. एक पोरगी भागिले आठशे. जे उत्तर आलं ते इतकं बारीक होतं की असले आकडे अहवालात शून्य म्हणूनच छापतात. इतकी वर्षं गावाच्या शून्याचा मला केवढा अभिमान होता! ते शून्य पहिल्यांदाच नकोसं वाटलं.

हल्ली मी फोनवर तिला फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारतो. ती 'हो' म्हणते. ते खरं असतं, असं मी धरून चालतो.